कुठल्याच ठिपक्यातून न जाणारी रेषा

६ जानेवारी, सोमवार

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीबद्दल इतकं मुद्देसूद आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या नववीच्या बेचाळीस मुलांनी विद्युतचुंबकाचा प्रयोग केला. खिळ्याभोवती तार गुंडाळायची, सेल जोडायचा, खिळा किती टाचण्या उचलतो ते मोजायचं. वेढे वाढले की टाचण्या वाढतात. मग त्याचा आलेख काढायचा. तपासनीस लिहितात, बेचाळीसही वह्यांतले आकडे तेच आहेत, सगळे ठिपके रेषेवर कवायतीला उभे राहिल्यासारखे आहेत, आणि तीस वेढ्यांपुढे तक्त्यात सर्वांनी 'एकवीस' लिहून आलेखावर ठिपका मात्र बारावर दिला आहे. 'हा योगायोग असल्यास तो स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.' माणसाला लिहिता येतं, हे मान्य करायला हवं.

पुढची ओळ मात्र विनोदी नाही. बावीस तारखेला ते स्वतः येणार. पुन्हा हेच दिसलं तर प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र आमच्याकडून काढून घेणार. मुलं दुसऱ्या शाळेत जाऊन परीक्षा देणार आणि माझी प्रयोगशाळा बंद.

हेडसरांनी पत्र वाचून दाखवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एका अर्थी मॅडम, मोडकी बाकं कुठे ठेवायची हा प्रश्न तरी सुटेल."

आशावादी माणूस.

७ जानेवारी, मंगळवार

कपाटातून नमुना वही काढली. दरवर्षी हीच वही वर्गात फिरते आणि मुलं उतरवून घेतात. आलेखाची पद्धतही ठरलेली आहे. आधी पट्टीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेषा ओढायची, मग तिच्यावर ठिपके ठेवायचे. आधी निकाल, मग परीक्षा.

तीस वेढे, एकवीस टाचण्या. अक्षर माझं. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईघाईत बाराचे एकवीस मी केले. अठरा वर्षं ते एकवीस मुलांनी इमानाने उतरवले, मी त्याखाली इमानाने 'छान' लिहिलं, आणि वीस वेढ्यांना आठ टाचण्या उचलणारा खिळा तिसाला एकवीस कसा उचलेल, हे कुणी विचारलं नाही. मुलांचं सोडा, मीसुद्धा विचारलं नाही. मला विज्ञान शिकवण्याचा पगार मिळतो.

ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही दोघीच राहतो आणि ती घरी कपडे शिवते. मशीन न थांबवता म्हणाली, "मग आता काय करणार?"

म्हटलं, "खरा प्रयोग."

मशीन थांबलं. "सगळ्यांकडून?"

९ जानेवारी, गुरुवार

नववीला सगळं खरं सांगितलं. पत्र वाचलं, वही दाखवली, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. वर्गात एवढी शांतता मी अठरा वर्षांत ओरडूनही मिळवली नव्हती. मग मागून कुणीतरी अत्यंत आनंदाने कुजबुजलं, "बाई चुकल्या!" आणि ही बातमी बाकाबाकावरून पुढे आली.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. प्रत्येक गोष्टीत 'पण बाई' म्हणते, म्हणून सगळे तिला वकील म्हणतात. ती उठली.

"पण बाई, आमचे आकडे वेगवेगळे आले तर खरे कुणाचे?"

"सगळ्यांचेच."

"मग मार्क कुणाला?"

"आधी मोजा तर," असं म्हणून वेळ मारून नेली.

तास कमी पडणार होते, पण गणितवाल्या सरांनी त्यांचे आठवड्याचे दोन्ही जोडतास मला देऊन टाकले. म्हणाले, "माझा भाग पुढे आहे. तुम्हाला उपयोगी पडतील." कामचुकारपणाला इतकं सभ्य रूप दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तास देऊन हे गृहस्थ गेले मात्र नाहीत. मागच्या बाकावर वह्या घेऊन बसले आणि त्यांच्या त्या जांभळ्या शाईने बरोबरच्या खुणा करत राहिले. अधूनमधून मान वर. माझं चुकतंय कुठे ते हेडसरांना कळवायला कुणीतरी हवंच.

१० जानेवारी, शुक्रवार

एकवीस जोड्या केल्या. कुणी किती वेढे घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, दहापासून पन्नासपर्यंत.

दोन तासांत पुढील गोष्टी घडल्या. तीन सेल तापले. एका मुलाने तारेवरचं आवरण न खरवडताच ती जोडली आणि 'चुंबकच खोटा' असा निकाल दिला. टाचण्या बुटांत, केसांत आणि हेडसरांच्या खुर्चीवर सापडल्या. हेडसर पाहणीला आले होते आणि फार लवकर गेले.

पण मोजलं. एकवीस जोड्यांनी मोजलं. ओठ हलवत, टाचण्या एकेक वेगळ्या करत. एक जोडी अकरा की बारा यावरून भांडली, कारण एक टाचणी दुसऱ्या टाचणीला लटकली होती आणि ती धरायची की नाही हे कळेना. अठरा वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत एका टाचणीवरून भांडण झालं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. खिडकीशी उभी राहून ऐकत होते.

१३ जानेवारी, सोमवार

भिंतीवर मोठा आलेख कागद लावला. आडवे वेढे, उभ्या टाचण्या. प्रत्येक जोडीने येऊन आपला ठिपका दिला.

नमुना वहीतल्या कवायतीनंतर हे दृश्य म्हणजे शाळा सुटल्यावरचं पटांगण. पण नीट पाहिलं तर सगळी गर्दी फाटकाकडेच निघालेली, खालून डावीकडून वर उजवीकडे. एक ठिपका सोडून. चाळीस वेढे, दोन टाचण्या. तो तळाशी एकटाच बसला होता. ही जोडी वकिलीणबाईंची.

म्हटलं, "आता हे ठिपके आपापल्या वहीत घ्या आणि त्यांतून एक सरळ रेषा काढा."

पहिलीने सगळे ठिपके जोडून डोंगररांग काढली. दुसऱ्याने पहिला ठिपका नि शेवटचा ठिपका जोडला आणि मधल्यांना वाऱ्यावर सोडलं. तिसरीने चार ठिपके सापडले की बास म्हणून त्यांतूनच रेषा नेली. मागच्या बाकावरच्या लांब्याने जाड मार्कर घेतला आणि एवढी रुंद रेषा ओढली की निम्मा वर्ग तिच्याखाली गाडला गेला. "सगळे आले ना बाई?"

सगळे हसले. गणितवाले सर सगळ्यांत मोठ्याने. मला शिकवायचं कसं ते मात्र कळेना. पुस्तकात या रेषेला 'बेस्ट फिट' म्हटलंय. नाव ऐकून शिंप्याच्या दुकानाची पाटी वाटते.

१४ जानेवारी, मंगळवार

शिंप्याचं म्हणाले आणि शिंपीण घरातच निघाली.

ताई शाळेच्या गणवेशांचं कापड बेतत होती. मी विचारलं, "मधलं माप कुणाचं घेतेस गं?"

"कुणाचंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाचंच नाही. मधल्या मापाचा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. याचा खांदा मोठा, त्याची बाही लांब. पण असं बेतायचं की निम्म्यांना किंचित सैल, निम्म्यांना किंचित घट्ट, आणि रडत कुणी परत येता कामा नये." मग सुई दातांतून काढून म्हणाली, "तो गणिताचा माणूस अजून येऊन बसतो?"

"रोज."

"कशाला गं?"

"हेरगिरीला."

ताईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला कधीच नीट समजलेलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर बेचाळीस पारदर्शक पट्ट्या. कुणी ठेवल्या माहीत नाही. हेडसरांनी असतील, पश्चात्ताप झाला असेल. आभार मानले तर ते गोंधळून "हो हो, का नाही" म्हणाले. गणितवाले सर बाजूलाच उभे होते, त्यांना एकाएकी खोकला आला.

पट्टी पारदर्शक असली की खालचे ठिपकेही दिसतात. म्हटलं, ती गर्दीवर ठेवा आणि सरकवत राहा. निम्मे ठिपके वर, निम्मे खाली, आणि एका टोकाला सगळे वर नि दुसऱ्या टोकाला सगळे खाली असंही नको. कुणाला खूश करायचं नाही, कुणाला टाकायचं नाही. ताईचा गणवेश सांगितला. बेचाळीस पट्ट्या सरकायला लागल्या. वर, खाली, किंचित तिरक्या. जिभा बाहेर. आवाज नाही.

मग अपेक्षेप्रमाणे, "पण बाई!"

"बोला वकीलसाहेब."

"माझी रेषा एकाही ठिपक्यातून जात नाही."

"चालेल."

"मग ती कुणाची?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात लांब्या म्हणाला, "सगळ्यांची. म्हणूनच कुणा एकाची नाही. तुला कळत कसं नाही?"

लांब्या! ज्याने परवा मार्करने रस्ता बांधला होता, तो! मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

वकील तळातला ठिपका मात्र खोडायला निघाली होती. "आमचा आहे, आम्हीच खोडतो. लाज वाटते." म्हटलं, खोडायचा नाही. गोल करायचा, आणि असं का झालं ते शोधायचं. कारण न सांगता हाकलून द्यायला तो काय भाडेकरू आहे?

१७ जानेवारी, शुक्रवार

सापडलं!

सेल बदलला, तार बदलली, तरी दोनच टाचण्या. शेवटी वकिलिणीने तार उलगडायला घेतली. एकवीस वेढे झाले आणि तार उलट्या दिशेने फिरायला लागली. तिने किंकाळी फोडली. त्या दिवशी एकवीस वेढ्यांवर मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. परत आल्यावर तिच्या जोडीदारिणीने खिळा उलटा हातात घेतला आणि उरलेले एकोणीस वेढे विरुद्ध दिशेने पडले. निम्म्यांनी केलेलं काम निम्म्यांनी मोडलं.

"म्हणजे स्नेहसंमेलनाच्या समितीसारखं," मागून गणितवाले सर म्हणाले. वर्ग हसला. विनोद बरा होता, पण माझ्या तासाला त्यांनी करायची गरज नव्हती.

चाळीस वेढे एकाच दिशेने घातले, सतरा टाचण्या आल्या. भिंतीवरच्या कागदावर सगळ्यांनी मिळून ओढलेल्या रेषेच्या जरासा वर नवा ठिपका बसला. जुना तिथेच ठेवला, गोलात.

२१ जानेवारी, मंगळवार

हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

संध्याकाळी हेडसर आले. आलेखासमोर हात मागे बांधून उभे राहिले. "बाकी ठीक आहे. पण हा खालचा काढा मॅडम. उद्या पहिलं बोट तिथेच ठेवतील."

"त्याचं कारण मुलांना माहीत आहे, सर."

"कारण ऐकायला कुणाला वेळ आहे? चूक दिसते लगेच, कारण ऐकावं लागतं. प्रयोगशाळा हवी ना तुम्हाला?"

ते गेले. मी अर्धा तास त्या कागदासमोर उभी होते. लांब टेबलाकडे पाहिलं, त्यावर अठरा वर्षांचे आम्लाचे डाग. इथे मोडकी बाकं येणार. हात आपोआप खोडरबराकडे गेला. ठिपका पेन्सिलीचा होता. दोनदा घासला, गेला.

निघताना दारात गणितवाले सर. कागदाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या खोडरबराकडे पाहिलं. "उशीर झाला, निघा तुम्ही. कुलूप मी लावतो," एवढंच म्हणाले. हेडसरांना कळवायला बातमी मिळाली असणार, काम झालं म्हणून.

ताईने विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, डोकं दुखतंय. मुलीला 'भाडेकरू आहे काय' म्हणून सुनावणारी मी, मीच त्याचं सामान रस्त्यावर काढलं.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी लवकर गेले, ठिपका परत काढायला. रात्रभर तेच ठरवत होते. प्रयोगशाळा गेली तर जाऊ दे, पण पुन्हा 'छान' लिहायचं नाही.

ठिपका जागेवर होता! चाळीस वेढे, दोन टाचण्या, भोवती गोल, जांभळ्या शाईत, आता खोडताही न येणारा. वकील फार लवकर आली असणार. पोरीने जांभळं पेन कुठून पैदा केलं देव जाणे. तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं कालचं सांगावं लागलं असतं.

अकराला तपासनीस आले. वाळकेसे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि चेहरा असा की सरळ रेषा पाहून पाहून कंटाळा आलाय. वह्या चाळायला लागले. एक. दुसरी. तिसऱ्या वहीला खुर्ची ओढून बसले.

मग उठून भिंतीकडे गेले आणि हेडसरांच्या भविष्यवाणीप्रमाणे बोट नेमकं तिथेच. "हे काय आहे?"

हेडसरांचा रंग गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला लागले, "ते असं आहे की," पण वकील उठली होती.

"ती आमची चूक आहे, साहेब."

"मग काढून का टाकली नाहीत?"

"खरी चूक आहे ना. खोटी असती तर काढली असती." आणि तिने सगळं सांगितलं. घंटा, उलटा खिळा, एकवीस सरळ, एकोणीस उलट.

"कशावरून?"

"करून बघा ना."

हेडसरांनी डोळे मिटले. गणितवाले सर मात्र तार, खिळा, सेल ताटात मांडून तयारच होते. साहेबांच्या पुढ्यात ते ठेवलं. मला वाटलं, झालं, आता हे मला बुडवणार. साहेबांनी बाह्या वर केल्या. वीस वेढे असे, वीस तसे. खिळा टाचण्यांत बुडवून उचलला. एकही नाही. एकदम हसले. माणसाला दात आहेत हे तेव्हा कळलं.

मग त्यांनाच चव आली. पंचवीस वेढे घातले, मोजलं, "चौदा" म्हणून वर्गाच्या आलेखावर ठिपका द्यायला निघाले. लांब्या उठला.

"साहेब, रेषेच्या बराच वर जाईल. परत मोजा."

हेडसर पुन्हा पांढरे. साहेबांनी परत मोजलं. दहा. एकाला एक लटकलेल्या त्यांनी दोनदा धरल्या होत्या. "पहिला पण राहू द्या, गोल करा," वकील म्हणाली. साहेबांनी निमूटपणे गोल केला आणि बाजूला लहान अक्षरात स्वतःची सही केली.

जाताना मला विचारलं, "मागच्या वर्षीचे एकवीस कुणाचे होते?"

म्हटलं, "माझे." खाली पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

पत्र आलं. केंद्र आमच्याकडेच राहणार. 'विद्यार्थ्यांची निरीक्षणे परस्परांशी जुळत नाहीत, याबद्दल शाळेचे अभिनंदन.' हेडसरांनी ते वाक्य तीनदा वाचलं, कुठे टोमणा तर नाही ना म्हणून.

मग मला बोलावून म्हणाले, "मॅडम, उत्तम झालं. आता एक करा. असेच थोडे इकडेतिकडे ठिपके आणि एक खाली गोलातला, अशी नवी नमुना वही तयार करा. पुढच्या वर्षी सगळ्यांना उतरवता येईल."

मी "नाही" म्हटलं. एवढं छोटं वाक्य मी त्या खोलीत पहिल्यांदाच बोलले. ते थांबले, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही नव्हतं.

वर्गात पत्र वाचून दाखवलं. बाकं वाजवली, मी वाजवू दिली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. तीही मी अभिमानाने स्वीकारली.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल प्रात्यक्षिक परीक्षा झाली, माझ्या प्रयोगशाळेत. या वेळी प्रश्न नवा होता, उतारावरून गोळी किती उंचीवरून सोडली तर किती लांब जाते. कुणाकडेच उत्तर नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी काढलं. बेचाळीस वह्या, बेचाळीस रेषा, एक दुसरीसारखी नाही. पूर्वी हा गठ्ठा चहा निवायच्या आत तपासून व्हायचा. आज सकाळपासून बसलेय, दुपारपर्यंत सोळा.

गणितवाले सर डोकावले. शनिवारी शाळेत यांचं काय काम होतं, त्यांनी सांगितलं नाही. "निम्म्या मी बघू?"

"नको," म्हटलं. मग मान दुखत होती म्हणून म्हटलं, "बसा. पण शाई लाल वापरायची."

बसले. बराच वेळ पट्टी सरकवत राहिले. मग एक वही माझ्यापुढे केली. लांब्याची. बारीक, स्वच्छ, एका दमात ओढलेली रेषा. "पैकीच्या पैकी?"

मी पट्टी ठेवून पाहिलं. वर पाच ठिपके, खाली तीन. "किंचित वर हवी होती. अर्धा गुण कमी."

"कडक आहात."

"असणारच. आजवर मी माझ्याच चुका तपासत होते. आता यांच्या स्वतःच्या आहेत."